टेलिव्हिजन: अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. असा शब्द अशुद्ध म्हणायचा का?

चौकस (धागाकर्ता)

टेलिव्हिजन हा शब्द दोन भाषांतले तुकडे जोडून केला आहे. 'टेले' ग्रीक, अर्थ दूर. 'व्हिजन' लॅटिन 'विसिओ'वरून आलं, अर्थ दर्शन. त्यामागचं क्रियापद 'विदेरे', म्हणजे पाहणे. दूरचं पाहणं, इतका सरळ अर्थ. तक्रार अर्थाबद्दल नव्हतीच, ती जोडकामाबद्दल होती. ग्रीक शेपटीला ग्रीकच डोकं हवं आणि लॅटिनला लॅटिन, असा युरोपातल्या शिकलेल्या मंडळींचा दंडक होता.

शब्द जन्मला फ्रेंचमध्ये. ऑगस्ट १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आंतरराष्ट्रीय विद्युत परिषद भरली होती. तिथे कॉन्स्टंटिन पेर्स्की या रशियन अभ्यासकाने विजेच्या मदतीने दूरचं चित्र दाखवण्यावर निबंध वाचला आणि त्यात हा शब्द वापरला. त्याआधी १८८४ मध्ये जर्मनीत पाउल निपको यांनी भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीचं पेटंट घेतलं होतं. त्यांनी नाव दिलं होतं 'विद्युत टेलिस्कोप', ज्यात दोन्ही शब्द ग्रीक मुळांचे. जॉन लोगी बेअर्ड यांनी लंडनमध्ये २६ जानेवारी १९२६ रोजी हलतं चित्र दाखवलं, म्हणजे यंत्र नीट उभं राहण्याच्या पाव शतक आधी त्याचं नाव तयार होतं.

'मँचेस्टर गार्डियन'चे दीर्घकाळ संपादक असलेले सी. पी. स्कॉट यांच्या नावावर एक उद्गार सांगतात: शब्द अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन, यातून काही भलं व्हायचं नाही. हा उद्गार अजून जिथे तिथे उद्धृत होतो, पण त्यामागे खरंच काही भाषिक तत्त्व आहे की नुसती सवय, हे कुणी नीट तपासत नाही. मला स्वतःला हा शब्द सदोष वाटत नाही. जाणकारांनी दोन्ही बाजूंनी लिहावं.


रेवती

चौकसजी, विषय आवडीचा काढलात. आधी 'टेले'चं घराणं पाहू, म्हणजे स्कॉटसाहेबांना काय खटकलं असेल ते कळेल.

घराण्यातला मोठा म्हणजे टेलिस्कोप. गॅलिलिओ स्वतः आपल्या दुर्बिणीला 'पेर्स्पिकिलुम' म्हणायचा, हा अस्सल लॅटिन शब्द. १६११ मध्ये रोममध्ये त्याच्या सन्मानार्थ भोजन झालं तेव्हा जोवान्नी देमिसियानी या ग्रीक विद्वानाने 'टेलेस्कोपोस' सुचवला. टेले म्हणजे दूर, स्कोपेइन म्हणजे न्याहाळणे. चौदा वर्षांनी, १६२५ मध्ये, जोवान्नी फाबेर याने त्याच साच्यावर मायक्रोस्कोप केला. पुढे १७९० च्या दशकात क्लोद शाप याने फ्रान्समध्ये उंच मनोऱ्यांवर हलत्या लाकडी हातांची संदेशयंत्रणा उभारली. त्याने नाव ठरवलं होतं 'ताकिग्राफ', म्हणजे शीघ्रलेखी. ते बदलून टेलिग्राफ, दूरलेखी, झालं. मग टेलिफोन. सगळे दोन्ही बाजूंनी ग्रीक.

म्हणजे १९०० पर्यंत 'टेले' दिसलं की पुढे ग्रीकच येणार, असा कान तयार झाला होता.

पण माझ्या मते पेर्स्कींपुढे दुसरा मार्गच फारसा नव्हता. 'पाहणे' या अर्थाचं ओळखीचं ग्रीक शेपूट म्हणजे 'स्कोप', आणि टेलिस्कोप तर तीनशे वर्षांपूर्वीच दुर्बिणीने नेलेला. निपको यांना म्हणूनच मागे 'विद्युत' लावावं लागलं. नव्या वस्तूला नवं नाव हवं तर दुसरा अर्धा भाग दुसरीकडून आणणं भागच होतं. 'व्हिजन' फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींत शतकानुशतकं रुळलेला होता. इंग्रजीत तो १३०० च्या सुमारास आला तेव्हा त्याचा अर्थ स्वप्नात किंवा ध्यानात दिसलेलं अलौकिक दृश्य असा होता, डोळ्यांनी पाहण्याचा अर्थ नंतरचा.

आजच्या ग्रीक भाषेत टेलिव्हिजनला काय म्हणतात ते पाहा: 'टिलेओरासी'. 'ओरासी' म्हणजे दृष्टी, प्राचीन ग्रीक 'होरासिस'. पॅनोरामा मधला 'ओरामा' त्याच मुळाचा. शुद्ध पर्याय होता, पण तो ग्रीक लोकांच्या कामाचा. १९०० साली पॅरिसच्या सभागृहात बसलेल्या अभियंत्याला 'टेलेओरासिस' ऐकून काय बोध झाला असता?


ग्रंथकीटक

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू हल्ली कुणी मांडत नाही आणि ती टाकाऊ नाही.

शुद्धतेचा आग्रह नुसता उच्चभ्रूपणा नव्हता, दोन्ही भाषांच्या समासाची यंत्रणा वेगळी आहे. ग्रीक समासात दोन घटकांच्या मध्ये सहसा 'ओ' येतो: फिल-ओ-सोफिया, बि-ओ-ग्राफिया. लॅटिनमध्ये 'इ' येतो: आग्र-इ-कुल्तुरा, ओम्न-इ-वोरुस. हा सांधा कळला की वाचकाला शब्द कुठे तोडायचा ते कळतं आणि मग न ऐकलेल्या शब्दाचाही अर्थ लावता येतो. मिश्र शब्दात सांधा एका भाषेचा, घटक दुसऱ्या भाषेचा.

सोशिऑलॉजी घ्या. ऑग्युस्त काँत याने १८३० च्या दशकाच्या अखेरीस तो रूढ केला. 'सोकिउस' लॅटिन, अर्थ सोबती. 'लोगिया' ग्रीक. मधला 'ओ' ग्रीक, तोही लॅटिन शब्दाला चिकटवलेला. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये या शब्दाला 'सोयीचं रानटीपण' अशा अर्थाने संबोधलं. मिलचं मत मला फार नेमकं वाटतं. त्याला शब्द वापरायचाच होता आणि त्याने वापरलाही, पण दोष दोष म्हणून नोंदवला. आधुनिक ग्रीकमध्ये हेच शास्त्र 'किनोनिओलोगिया' आहे, सगळं एकसंध.

इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये संकरित आणि विद्रूप शब्दांची यादीच दिली. तिच्यात ब्युरॉक्रसी आहे (फ्रेंच ब्युरो आणि ग्रीक क्रातिया), स्पीडोमीटर आहे (इंग्रजी स्पीड, ग्रीक 'ओ', ग्रीक मेत्रोन). हे शब्द लोक सोडून देतील अशी त्यांचीही अपेक्षा नव्हती. नवा शब्द घडवणाऱ्याने निदान हाताशी असलेला माल कुठला ते ओळखावं, एवढीच मागणी होती. शास्त्रज्ञाने नाव देताना अर्धा तास कोश चाळला तर बिघडतं कुठे?


नवखी

वाचतेय. एक प्रश्न. ऑटोमोबाइल पण असाच ना? आणि आपल्याकडे गैरसमज, बेसूर, दरवर्षी हे शब्द आहेतच की. 'गैर' अरबी, 'बे' आणि 'दर' फारसी, पुढचे तुकडे आपले. ते तर कुणालाच खटकत नाहीत.


चौकस

हो, ऑटोमोबाइल तसाच. 'आउतोस' ग्रीक, स्वतः. 'मोबिलिस' लॅटिन, हलणारा. ग्रीक लोक मोटारीला 'आफ्तोकिनितो' म्हणतात. त्यातला 'किनितो' आणि सिनेमाचा 'सिने' एकाच क्रियापदाचे, 'किनेइन', हलवणे.

गैरसमजचं उदाहरण चपखल आहे. 'गैर' हा उपसर्ग मराठीत इतका मुरला आहे की तो कुठून आला हे विचारायची वेळच येत नाही. इंग्रजीत 'ऑटो', 'टेले', 'हायपर' यांचं तेच झालं. बोलणाऱ्याच्या लेखी ते इंग्रजी उपसर्ग आहेत.


वैद्य

वैद्यकाच्या अंगाने थोडं लिहितो, कारण हा संकर जितका आमच्या शास्त्रात आहे तितका क्वचितच कुठे असेल.

ग्रीकांनी रोगांना नावं दिली, ती हिपोक्रेटिसच्या परंपरेतली. शरीररचना मात्र युरोपात लॅटिनमधून शिकली-शिकवली गेली. व्हेसालियसचा १५४३ चा ग्रंथ लॅटिनमध्ये आहे आणि १८९५ मध्ये बाझेल इथे अवयवांच्या नावांची एकसमान यादी ठरली तीही लॅटिनमध्येच. त्यामुळे बहुतेक अवयवांना दोन-दोन नावं. मूत्रपिंड लॅटिनमध्ये 'रेन', ग्रीकमध्ये 'नेफ्रोस'. म्हणून मूत्रपिंडाची धमनी रीनल आर्टरी, पण सूज नेफ्रायटिस आणि शास्त्र नेफ्रॉलॉजी. शीर लॅटिनमध्ये 'वेना', ग्रीकमध्ये 'फ्लेप्स'. शिरेतून द्यायचं इंजेक्शन इंट्राव्हिनस, शिरेची सूज फ्लेबायटिस. विद्यार्थी सुरुवातीला वैतागतात. मग लक्षात येतं की शब्दाचं शेपूट ग्रीक असेल तर बहुधा अवयवही ग्रीक, आणि पाठांतर निम्म्यावर येतं. ग्रंथकीटक म्हणतात तो फायदा खरा आहे, मी तो रोज पाहतो.

पण नियम पाळला जातोच असं नाही. अपेंडिक्स लॅटिन आणि 'एक्टोमी', म्हणजे कापून काढणं, ग्रीक. तरी अपेंडेक्टोमी आहेच. टॉन्सिलेक्टोमी तसाच. हायपरटेन्शन, म्हणजे वाढलेला रक्तदाब, यातला 'हायपर' ग्रीक आणि 'टेन्शन' लॅटिन 'तेन्सिओ'. रेडिऑलॉजी, इम्युनॉलॉजी, दोन्ही लॅटिन डोकं आणि ग्रीक शेपूट. हे शब्द ऐकताना कुणाला ठेच लागलेली मी पाहिली नाही.

सगळ्यात सुरेख उदाहरण व्हायरॉलॉजी. लॅटिन 'विरुस' म्हणजे विषारी द्रव. ग्रीकमध्ये विषाला 'इओस' आणि आधुनिक ग्रीकमध्ये व्हायरॉलॉजीला 'इओलोगिया'. आता गंमत अशी की 'विरुस', 'इओस' आणि आपलं 'विष' हे तिन्ही एकाच मूळ शब्दाची रूपं आहेत. यावर ओंकार यांनी लिहावं, त्यांचा तो प्रांत.


ओंकार

वैद्यजी, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. 'ग्रीक विरुद्ध लॅटिन' हे भांडण मला याच कारणाने अर्धवट वाटतं. दोघी एकाच आजीच्या नाती, आणि तिसरी संस्कृत.

विरुस आणि विष यांत मूळ 'विस्' असं रूप. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' होतो, म्हणून विरुस. ग्रीकमध्ये शब्दारंभीचा 'व' गळाला आणि दोन स्वरांमधला 'स'ही गळाला, म्हणून नुसतं 'इओस' उरलं. संस्कृतात 'इ'नंतरचा 'स' मूर्धन्य होतो, म्हणून विष. तिन्ही बदल आपापल्या भाषेत नियमाने होतात, एखाद्या शब्दापुरते नाहीत.

आता धाग्याच्या मूळ शब्दाकडे. लॅटिन 'विदेरे' पाहणे, संस्कृत 'विद्' जाणणे. वेद, विद्या, विद्वान सगळे त्यातले. ग्रीकमध्ये इथेही 'व' गळाला आणि उरलं 'इदेइन', पाहणे. त्यावरून 'इदेआ', म्हणजे दिसणारं रूप, आणि तीच इंग्रजीतली आयडिया. 'एइदोस', आकार, त्यावरून कॅलिडोस्कोपचा मधला तुकडा आणि अॅस्टेरॉइडमधला शेवटचा 'ऑइड'. 'हिस्तोर' म्हणजे जाणता माणूस, त्यावरून हिस्टरी. लॅटिन बाजूला एव्हिडन्स, व्हिसा, रिव्हिजन. एन्व्ही सुद्धा: लॅटिन 'इनविदेरे', एखाद्याकडे वाईट नजरेने पाहणं. दृष्ट लावणं म्हणा ना. म्हणजे टेलिव्हिजनमधल्या 'व्हिजन'ला परका म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या 'आयडिया'तही तेच मूळ आहे.

टेलिस्कोपमधल्या 'स्कोप'चीही तीच कथा. मूळ धातू 'स्पेक्'. लॅटिनने तसाच ठेवला: स्पेक्ताकुलुम, आणि गॅलिलिओच्या पेर्स्पिकिलुममध्येही तोच. ग्रीकमध्ये 'प' आणि 'क' यांची अदलाबदल झाली आणि 'स्केप्', 'स्कोप्' झालं. संस्कृतात 'पश्यति', आणि गुप्तहेर या अर्थाचा 'स्पश'. देमिसियानीने गॅलिलिओचा लॅटिन शब्द बदलून ग्रीक आणला तेव्हा धातू बदललाच नाही!

आणखी एक नियम सांगतो, कारण तो कळला की शेकडो शब्द उलगडतात. मूळ भाषेतला शब्दारंभीचा 'स' लॅटिन आणि संस्कृत ठेवतात, ग्रीक त्याचा 'ह' करते. सप्त, सेप्तेम, हेप्ता. लॅटिन सेमी, ग्रीक हेमी, संस्कृत 'सामि' (अर्धा). सर्प, सेर्पेन्स, आणि ग्रीक 'हेर्पेइन' म्हणजे सरपटणे, ज्यावरून त्वचेवर पसरणाऱ्या हर्पिस रोगाचं नाव आलं. इराणी भाषांतही स्वतंत्रपणे असाच बदल झाला: सप्तचं फारसीत हफ्त, आणि आठवड्याला आपण 'हप्ता' म्हणतो तो तिथूनच. वैद्यजींच्या हायपरटेन्शनमधला 'हायपर' म्हणजे संस्कृत 'उपरि', लॅटिन 'सुपेर'.


ग्रंथकीटक

ओंकार, माहिती उत्तम, पण निष्कर्ष मान्य नाही.

मूळ एक असणं आणि वाचकाला ते जाणवणं, या दोन गोष्टी आहेत. 'विरुस' ऐकून रोमनाला 'इओस' आठवत नव्हता. ध्वनिबदलांनी ते नातं पुसून टाकलं होतं, म्हणून तर ते शोधायला तुलनात्मक व्याकरण जन्माला यावं लागलं. सहा हजार वर्षं मागे जाऊन नातं जोडायचं तर शुद्धतेचा मुद्दाच उरत नाही आणि शब्दरचनेचं शास्त्रही उरत नाही. समास करणारा आपल्या काळातल्या भाषांचे तुकडे हातात घेतो, त्या काळात ते वेगळे असतात.

टेलिग्रामचं उदाहरण पाहा. १८५२ मध्ये अमेरिकेत तो निघाला. ग्रीक जाणणाऱ्यांनी आक्षेप घेतला की 'टेलेग्राफेइन' या क्रियापदावरून नाम करायचं तर ते 'टेलेग्राफेमा' होईल. तेव्हा त्यांना पंडिती किरकिर म्हणून झिडकारलं गेलं. आज ग्रीसमध्ये तारेला 'टिलेग्राफिमा' म्हणतात. ज्यांची भाषा आहे त्यांनी पंडितांनी सांगितलेलंच रूप स्वीकारलं, म्हणजे आक्षेप भाषेच्या स्वभावाला धरून होता.


चौकस

ग्रंथकीटक, टेलिग्रामचा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो मान्य करतो. पण तो ग्रीकमधल्या ग्रीकचा प्रश्न झाला. संकराबद्दल विचारायचं तर सरळ रोमनांनाच विचारू.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियन हा वक्तृत्वाचा थोर शिक्षक होऊन गेला. आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात तो समासांचे प्रकार सांगतो आणि त्यात चक्क लॅटिन-ग्रीक मिश्र समासांचा वर्ग आहे. 'बिक्लिनिउम', दोघांनी टेकून जेवायचा पलंग: 'बि' लॅटिन, 'क्लिने' ग्रीक. उलट क्रमाने 'एपितोगिउम', टोग्यावरून घ्यायचं वस्त्र: 'एपि' ग्रीक, 'तोगा' लॅटिन. आणि 'आन्तिकातो'. हे ज्युलियस सीझरच्या पत्रकाचं नाव! इ.स.पू. ४६ मध्ये सीझरचा कट्टर विरोधक केटो याने आत्महत्या केली, वक्ता सिसेरोने त्याची स्तुती लिहिली आणि सीझरने उत्तर म्हणून 'केटोविरोधी' लिहिलं. ग्रीक 'आन्ति' रोमन माणसाच्या नावाला जोडला. लॅटिन गद्याचा आदर्श म्हणून ज्याचं लेखन शाळाशाळांतून शिकवलं गेलं, त्या माणसाने.

पण क्विंटिलियन याहून एक भारी उदाहरण देतो. 'एपिरेदिउम', गाडीला घोडा जोडायचा पट्टा. 'एपि' ग्रीक, 'रेदा' म्हणजे चारचाकी गाडी हा गॉल लोकांचा शब्द. तो म्हणतो की ग्रीक हा समास वापरत नाहीत, गॉलही वापरत नाहीत, रोमनांनी मात्र दोन्ही परक्या शब्दांतून आपला शब्द केला. इंग्रजीने टेलिव्हिजनचं नेमकं हेच केलं. दोन्ही तुकडे परके, जोड आपली.

म्हणजे एकोणिसाव्या शतकातला दंडक प्राचीनांचा नव्हता. ग्रीक-लॅटिन घोटून घेणाऱ्या शाळांमधून तो नंतर तयार झाला असं मला वाटतं. बिगॅमीचंच बघा, द्विभार्या. तोही 'बि' लॅटिन आणि 'गामोस' ग्रीक, उत्तरकालीन लॅटिनमधला. शुद्ध ग्रीक 'दिगामिया' होता, तरी चर्चच्या कायद्याने संकरित रूप उचललं आणि कुणी हूं की चूं केलं नाही.


नवखी

मग खरोखर बिघडलेला शब्द कुठला? असा काही प्रकार असतो की नाही?


रेवती

असतो, आणि तो संकरापेक्षा वेगळा. शब्द चुकीच्या जागी तोडला की बिघडतो, आणि तिथे भाषा एक असो वा दोन, फरक पडत नाही.

इलेक्ट्रोक्यूट. १८८९ च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या खुर्चीने देहदंड द्यायचं ठरलं तेव्हा 'इलेक्ट्रो' आणि 'एक्झिक्यूट' यांतून तो जोडला. एक्झिक्यूट म्हणजे लॅटिन 'एक्स' आणि 'सेक्वि', पाठोपाठ जाणं, म्हणजे एखादी गोष्ट शेवटपर्यंत तडीस नेणं. 'सेक्वि' आपल्या 'सच्' धातूचा भाऊ, ज्यावरून सचिव, म्हणजे सोबत असणारा. नवा शब्द करताना धातू मधोमध चिरला गेला. 'क्यूट' या उरलेल्या तुकड्याला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. 'एलेक्त्रोन' मात्र अस्सल ग्रीक: तृणमणी, घासल्यावर कस्पटं ओढणारा. त्यावरून विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये 'एलेक्त्रिकुस' हे लॅटिन विशेषण केलं.

हेलिकॉप्टर याच्या उलट. १८६१ मध्ये फ्रेंच माणसाने, पोंतों दामेकूर याने, तो नीट घडवला: 'हेलिको', मळसूत्री, आणि 'प्तेरोन', पंख. दोन्ही ग्रीक. प्तेरोन आणि संस्कृत 'पत्', उडणे, एकाच मुळाचे. पण इंग्रजी कानाला 'को-प्त' हा सांधा कळेना, आणि त्यांनी तो 'हेली' अधिक 'कॉप्टर' असा तोडला. त्यातून हेलिपॅड, हेलिपोर्ट. शुद्धातला शुद्ध शब्दही वाचकाला सांधा दिसला नाही की असा फुटतो. ग्रंथकीटक, तुमच्या सांध्याच्या मुद्द्याला ही पुष्टीच आहे, फक्त तो मुद्दा शुद्धतेला चिकटवू नका.

आणि बस! एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये घोड्यांच्या सार्वजनिक गाडीला 'ओम्निबुस' म्हणू लागले, म्हणजे 'सर्वांसाठी'. 'ओम्नि' म्हणजे सर्व, 'बुस' हा चतुर्थी बहुवचनाचा प्रत्यय. लोकांनी शब्द टाकून दिला आणि प्रत्यय ठेवला. संस्कृत शिकलेल्यांनी 'रामेभ्यः' आठवावं, त्यातला 'भ्यः' आणि लॅटिन 'बुस' हे मुळात एकच. कुठल्याही व्याकरणकाराने याला मान्यता दिली नसती, तरी आज जगभर हा शब्द चालतो.


चौकस

रेवतीताई, 'बुस' आणि 'भ्यः' वाचून फार आनंद झाला.

एक गंभीर उदाहरण राहिलं आहे. जेनोसाइड. पोलंडचे ज्यू कायदेपंडित राफाएल लेम्किन यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो मांडला. ते कायद्याकडे वळण्याआधी भाषाशास्त्राचे विद्यार्थी होते, त्यामुळे अजाणता संकर केला असं म्हणता येत नाही. ग्रीक 'गेनोस', वंश, आणि लॅटिन 'काएदेरे', ठार मारणे, यावरून आलेला 'साइड', असे दोन्ही तुकडे कुठल्या भाषेचे ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. तळटीपेत 'एथ्नोसाइड' असा पर्यायही दिला, तोही ग्रीक-लॅटिनच. 'साइड' हे शेपूट होमिसाइडमुळे कायद्याच्या जगात प्रत्येकाला ठाऊक होतं. ग्रीक भाषेत याला 'येनोक्तोनिया' म्हणतात, सर्वस्वी शुद्ध, पण ते न्यायालयात उच्चारताच किती जणांना कळलं असतं? चार वर्षांत, ९ डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी या नावाने करार संमत केला. शब्द घडवणाऱ्याने कशाला प्राधान्य द्यावं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आणि ओंकार यांच्यासाठी: गेनोस म्हणजे अक्षरशः आपलं 'जनस्'.


ग्रंथकीटक

लेम्किन यांच्या बाबतीत माझा काहीच आक्षेप नाही. त्यांनी तुकडे ओळखून, पारखून जोडले, आणि माझी मागणी पहिल्यापासून तेवढीच आहे. रेवतीताईंची इलेक्ट्रोक्यूटची मीमांसाही मला पटते. टेलिव्हिजन या शब्दावर मात्र माझं मत कायम आहे: अर्थाने निर्दोष, घडणीने दुय्यम.


नवखी

शेवटचा प्रश्न. इंग्रजी शब्द पाहून त्याचं मूळ ग्रीक की लॅटिन हे कोश न उघडता कसं ओळखायचं?


ओंकार

स्पेलिंग बरंच सांगतं. 'फ'साठी पी-एच, 'क'साठी सी-एच, टी-एच, आर-एच, सुरुवातीला न उच्चारला जाणारा पी (सायकॉलॉजी, न्यूमोनिया), शब्दाच्या मध्ये 'इ' किंवा 'आय' असा उच्चारला जाणारा वाय (सिस्टिम, टाइप), ही ग्रीकची चिन्हं. रोमनांनी ग्रीक शब्द उतरवून घेताना हे लेखन ठरवलं आणि इंग्रजीने ते लॅटिनमार्गे घेतलं. ग्रंथकीटक यांनी सांगितलेला सांधाही पाहावा, मध्ये 'ओ' की 'इ'. शेवटी 'लॉजी', 'ग्राफी', 'इझम', 'इस्ट' असेल तर ते शेपूट ग्रीक, पण डोकं कुठलंही असू शकतं. सायंटिस्ट हा शब्द विल्यम ह्युएलने १८३४ मध्ये छापून आणला, त्यात 'स्किएन्तिआ' लॅटिन आणि 'इस्ट' ग्रीक. त्यावरही पुढे बरीच वर्षं नाकं मुरडली गेली.

शुद्ध दिसणारे शब्द मात्र फसवतात. पेट्रोलियम पूर्ण लॅटिन वाटतो: 'पेत्रा' खडक, 'ओलेउम' तेल. पण पेत्रा लॅटिनने ग्रीकमधूनच घेतला आणि ओलेउमही ग्रीक 'एलाइओन'वरूनच आला. आणि वायवर डोळे झाकून विश्वास नको. स्टायलस हा अस्सल लॅटिन 'स्तिलुस', मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार काडी. ग्रीक 'स्तिलोस', म्हणजे खांब, याच्याशी घोळ होऊन त्यात वाय शिरला आणि तिथेच राहिला.